गाइड खोलीबाहेर गेले, एवढ्याने भागत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: संस्थेने यंदा स्वतःच्या निधीतून छोट्या संशोधन प्रकल्पांना अनुदान द्यायचं ठरवलं आणि तुम्हाला निवड समितीचं सदस्य-सचिव केलं. परीक्षकांची यादी करायला बसल्यावर तुमच्या लक्षात आलं की गोव्यात त्या त्या विषयातली जी चार माणसं आहेत, ती एकमेकांना चांगली ओळखतात. त्यात समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक एका अर्जदाराचे पीएचडीचे गाइड निघाले. त्यांना बाहेर थांबायला कसं सांगायचं, आणि ते बाहेर थांबले की झालं का, हे तुम्ही विचारलंत. म्हणजे प्रश्न हितसंघर्षाचा आहे: निवाडा करणाऱ्याचाच त्यात काही संबंध गुंतलेला असण्याचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिलं त्यावरच अवलंबून आहे. नाही, तेवढ्याने होत नाही. हे मी समोर बसून पाहिलं आहे, आणि तेव्हा सदस्य-सचिव मीच होते.

बरीच वर्षं झाली त्याला. संस्थेचं नाव सांगत नाही. दुपारचं सत्र, सहा जणांची समिती, प्रत्येक प्रस्तावाला दहा-बारा मिनिटं. खाडीतल्या गाळावरचा एक प्रस्ताव आला तेव्हा अर्जदाराचे गाइड आपणहून उठले, ‘माझा विद्यार्थी आहे, मी बाहेर थांबतो’ म्हणाले आणि व्हरांड्यात गेले. वागणं अगदी नियमाला धरून. दाराला काच होती, तिच्यातून ते कठड्याला टेकून उभे असलेले दिसत होते. आत काही क्षण कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाले, ‘सरांकडे तयार झालेला मुलगा आहे, काम नीट करील.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. त्याआधीच्या प्रस्तावावर आम्ही नमुने किती ठिकाणचे, भरतीला घेणार की ओहोटीला, पावसाळ्यात होडी कुठून आणणार, असा कीस काढला होता. इथे अंदाजपत्रकाचं पान कोणी उलटलंसुद्धा नाही. त्यात एका उपकरणाची किंमत कोटेशनशिवाय घातली होती. ती मला दिसली होती, तरी मीही गप्प राहिले. तीन-चार मिनिटांत गुण पडले. सरांनी दार उघडून विचारलं, ‘झालं?’ ‘झालं सर.’ इतिवृत्तात मी लिहिलं की संबंधित सदस्य चर्चेत सहभागी नव्हते. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

महिन्याभराने, ज्यांचा प्रस्ताव बसला नाही अशा एक अर्जदार मला भेटायला आल्या. सत्तरी तालुक्यातल्या, महाविद्यालयात शिकवणाऱ्या. भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मॅडम, माझ्या प्रस्तावावर चर्चा किती वेळ झाली?’ बारा मिनिटं झाली होती, आणि ती बाराही मिनिटं त्यांच्या प्रस्तावातले दोष काढण्यात गेली होती. दोष खरेच होते. पण तशीच बारा मिनिटं दुसऱ्या प्रस्तावाला मिळाली असती तर त्यातलेही निघाले असते. हे मी त्यांना सांगू शकले नाही, आणि ती गोष्ट अजून माझ्या मनात आहे.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९५ साली दिलेल्या पीएचडीनंतरच्या फेलोशिपांचे ११४ अर्ज क्रिस्टीन वेनेरोस आणि अ‍ॅग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी तपासले. परीक्षकांनी दिलेले गुण परिषद दाखवायला तयार नव्हती. ते सार्वजनिक दस्तऐवज आहेत असा न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे ते हाती आले. १९९७ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आले. बायकांना तेवढेच गुण मिळवायला पुरुषांच्या कितीतरी पट काम दाखवावं लागत होतं, ही बाब गाजली. पण आपल्या कामाची बाब दुसरी आहे. ज्या अर्जदारांची समितीतल्या एखाद्या सदस्याशी जवळीक होती, त्यांना जास्त गुण मिळाले होते. आणि तो जवळचा सदस्य नियमाप्रमाणे त्या अर्जाला गुण देतच नव्हता! वाढीव गुण दिले ते उरलेल्या, ‘तटस्थ’ सदस्यांनी. त्याच देशात पुढे उल्फ साँडस्ट्रॉम आणि मार्टिन हेल्स्टेन यांनी नवे अर्ज घेऊन हीच तपासणी पुन्हा केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. ओळखीचा फायदा तेव्हाही होता, सुमारे १५ टक्के.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे त्याच्याही आधी, १९६९ साली, ए. के. क्राइपाक विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ओळखलं होतं. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर तिथले हंगामी मुख्य वनसंरक्षक होते आणि ते स्वतः उमेदवारही होते. त्यांच्या नावावर चर्चा झाली तेव्हा ते सहभागी नव्हते. तरीही न्यायालयाने ती निवड रद्द केली. कारणं तुम्ही आपल्या समितीला जशीच्या तशी वाचून दाखवावीत अशी आहेत: ते मंडळावर आहेत याचाच इतरांच्या मनावर परिणाम होणार, प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा ते हजर होते, आणि शेवटची क्रमवारी लावण्यातही ते होते. माझ्या त्या दुपारी शेवटच्या दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. सर आत आले, आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या प्रस्तावांवर बोलले. त्यांच्या विद्यार्थ्याचा क्रमांक तिसरा होता. निधी तिघांपुरताच होता.

तेव्हा पहिला नियम असा करा की ज्याचा संबंध आहे तो सदस्य त्या प्रस्तावाच्या वेळी तर बाहेर असेलच, पण कट-ऑफच्या रेषेवर जे प्रस्ताव घुटमळत असतील त्यांत तो प्रस्ताव असला, तर क्रमवारीच्या चर्चेतही नसेल. आणि समितीतल्या कोणाचा स्वतःचाच अर्ज त्या फेरीत असेल, मग सहसंशोधक म्हणून का असेना, तर त्या फेरीपुरतं त्याने समितीतूनच बाजूला व्हावं. इथे कसलीही सूट देऊ नका. १९८४ सालच्या ओरिसातल्या महापात्र खटल्यात ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या सरकारी समितीवर लेखकच बसले होते. स्वतःच्या पुस्तकाच्या वेळी प्रत्येक जण बाजूला होतो म्हणून काय झालं, ‘तू माझं घे, मी तुझं घेतो’ याला वाव राहतोच, असं न्यायालयाने म्हटलं. शेजारच्या दोन संस्था एकमेकींचे प्रस्ताव तपासायला घेतात तेव्हा मला हाच निकाल आठवतो.

आता खरं काम. ते बैठकीच्या दिवशीचं नाही, त्याच्या दीड-दोन महिने आधीचं आहे.

अर्ज मागवतानाच प्रत्येक अर्जदाराकडून एक पान घ्या: पीएचडीचे गाइड कोण, स्वतः कोणाचे गाइड होतात, गेल्या तीन वर्षांतले सहलेखक कोण, आणि माझा प्रस्ताव यांच्याकडे जाऊ नये अशी जास्तीत जास्त दोन नावं. त्या दोन नावांची कारणं विचारू नका. कारण विचारलं की लोक नावं लिहीत नाहीत, आणि जे लिहीत नाहीत त्यांच्याच मनात खरी भीती असते.

मग परीक्षकांचं प्रतिज्ञापत्र. ‘माझा कोणताही हितसंघर्ष नाही’ असं छापलेल्या कागदावर सही घेण्यात काहीच अर्थ नाही, सगळे न वाचता सही करतात. त्याऐवजी सगळ्या अर्जदारांची आणि सहसंशोधकांची नावं, संस्था आणि प्रस्तावाचं शीर्षक एवढीच यादी पाठवा आणि प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही लिहून मागा. ओळ-ओळ वाचायला लागलं की माणसाला आठवतं. प्रस्तावाचा मजकूर मात्र यादी परत आल्यावरच पाठवायचा. काही गोष्टी तुम्हीच पडताळू शकता. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंधासोबत गाइडचं नाव असतं, आणि सहलेखक गूगल स्कॉलरवर पाच मिनिटांत कळतात. हे कोणावर पाळत ठेवणं नाही. माणसं खरंच विसरतात.

समुद्रविज्ञानाच्या बाबतीत एक गोष्ट जोडते, कारण गोव्यात तुमच्याकडे असे प्रस्ताव येणारच. दोनापावला, ताळगाव पठार, वास्को इथल्या संशोधन संस्थांचा हा सगळा एकच मोहल्ला आहे. जहाजावरच्या एका संशोधन सफरीवरून निघालेल्या शोधनिबंधावर वीस-पंचवीस नावं असतात, आणि त्यातले कित्येक जण एकमेकांशी धड बोललेलेही नसतात. ते सगळे बाद करायला गेलात तर परीक्षकच उरणार नाही. उलट ‘सागर कन्या’ किंवा ‘सिंधू साधना’ या संशोधन जहाजांवर एका केबिनमध्ये महिना काढलेल्या दोघांचा एकही संयुक्त निबंध नसेल, पण नातं पक्कं असतं, प्रेमाचं किंवा त्याच्या अगदी उलट. म्हणून यादीत ‘एकत्र सफर किंवा क्षेत्रकार्य’ असा वेगळा रकाना ठेवा. असा रकाना मला कुठल्या छापील नमुन्यात दिसला नाही, पण आम्ही तो घातला तेव्हा सगळ्यात जास्त ‘हो’ त्याच्यापुढेच आले.

कोणता संबंध किती मोजायचा? केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं यासंबंधी लेखी धोरण आहे, ते पायाला घ्या. जवळचं नातं, गाइड किंवा मार्गदर्शक असणं, सध्या एकत्र काम करणं, गेल्या तीन वर्षांतला संयुक्त शोधनिबंध किंवा नोकरीचा संबंध, एकाच विभागात असणं, प्रस्ताव लिहायला मदत केलेली असणं, पैशाचं हित, हे सगळं त्यात आहे. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन सहलेखकांसाठी ४८ महिने धरते आणि गाइड-विद्यार्थी हे नातं आयुष्यभराचं मानते. माझं मत विचाराल तर तीन वर्षं आपल्याला पुरतात, पण गाइडचं नातं कायमचं धरा. आणि ‘एकाच विभागात’ याच्या जागी ‘एकाच संस्थेत’ असं करा. आपल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक एकाच स्टाफरूममध्ये डबा उघडतात. तुमची योजना संस्थेच्या आतलीच असेल तर याचा अर्थ सरळ आहे: गुण देणारे परीक्षक बाहेरचेच हवेत. समितीने फक्त निधीची सांगड घालावी.

गोव्याचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. दोन गोंयकार भेटले की ‘तुम्ही खंयचे?’ पासून सुरुवात होते आणि पाचव्या वाक्याला कुठल्या देवळाचे महाजन, म्हणजे वंशपरंपरागत मानकरी, इथपर्यंत येते. एकाच देवळाचे महाजन, एकाच वाड्यावरचे, बायकोच्या मावसभावाचा शेजारी, हे सगळं हितसंघर्ष धरू नका. त्यासाठी वेगळी पायरी ठेवा: ‘सांगितलं, नोंदवलं, सदस्य बसले.’ बाजूला व्हायचं ते वर सांगितलेल्या धोरणाच्या यादीतल्या संबंधांसाठी. शंका आली तर निर्णय त्या सदस्याने स्वतः घ्यायचा नाही, अध्यक्षांनी घ्यायचा. अध्यक्षांचाच प्रश्न असेल तर बाकीच्यांनी मिळून.

खाणींच्या भागातले प्रस्ताव आले तर जपून. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं, पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये लिझांची नूतनीकरणं रद्द केली. या सगळ्या काळात आपल्याकडच्या कित्येक अभ्यासकांनी कोणा ना कोणासाठी अहवाल लिहिले आहेत. खाण कंपनीकडून सल्ल्याची फी घेतलेला परीक्षक बाजूला व्हावा, हे कोणालाही पटतं. त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने प्रतिज्ञापत्र केलेल्यानेही बाजूला व्हावं, हे पटवायला वेळ लागतो, पण ते तितकंच खरं आहे. मात्र नुसतं मत म्हणजे हितसंघर्ष नव्हे. खाणीच्या गाळाने खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेती) बिघडते असं ज्यांनी संशोधनातून मांडलं, ते त्या विषयाचे परीक्षक होऊ शकतात.

भाषा-साहित्याच्या प्रस्तावांना हेच लावा. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून कोकणी-मराठीच्या प्रश्नावर ज्यांनी जाहीर भूमिका घेतल्या, ती आपलीच मोठी माणसं आहेत, दोन्हीकडची. त्यांना वगळा असं मी म्हणणार नाही. पण अशा प्रस्तावाला निदान एक परीक्षक कोल्हापूरचा, मुंबईचा किंवा धारवाडचा असू द्या.

आता गुणांचं गणित. याकडे कोणी बघत नाही, आणि नुकसान तर इथेच होतं. समजा पाच परीक्षकांनी एका प्रस्तावाला ८, ८, ७, ८ आणि ५ असे गुण दिले. सरासरी ७.२. पाच देणारा परीक्षक सगळ्यांनाच कमी गुण देतो, हा त्याचा स्वभाव. संबंध आहे म्हणून तोच बाजूला झाला, तर सरासरी ७.७५. कोणी लबाडी केली नाही, तरी त्या प्रस्तावाला अर्ध्याहून जास्त गुणाचा फायदा झाला, आणि कट-ऑफपाशी निवाडा ०.१ ने होतो. उलट सढळ हाताचा परीक्षक उठला तर त्या बिचाऱ्या अर्जदाराचं नुकसान. म्हणून दोन राखीव परीक्षक आधीच ठरवून ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रस्तावाला तितकेच परीक्षक मिळतील. आणि सरासरी काढण्याआधी प्रत्येक परीक्षकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून बघा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

चर्चा हलकी पडू नये यासाठी मी पुढे एक पद्धत ठेवली. कोणी सदस्य बाजूला झाला की त्या प्रस्तावातल्या उणिवा मांडण्याचं काम अध्यक्ष एका सदस्याला नाव घेऊन देत, आदल्या दिवशीच कळवून. पहिलं वाक्य उणिवेचं आलं की बाकीच्यांची तोंडं उघडतात. शिवाय प्रत्येक चर्चेची सुरुवातीची आणि शेवटची वेळ मी इतिवृत्तात लिहायला लागले. माहितीच्या अधिकारात कोणी मागितलं तर दाखवता येतं, पण मी ते सुरू केलं सत्तरी तालुक्यातल्या त्या बाईंच्या प्रश्नामुळे.

हितसंघर्ष म्हणजे फक्त माया असं नाही. असूयाही त्यातच येते. एका परीक्षकाने खाजनातल्या क्षारतेवरचा एक प्रस्ताव दोन महिने दाबून ठेवला, मग दोन ओळींत वाईट शेरा मारला. नंतर कळलं की तशाच विषयावर त्यांचा स्वतःचा अर्ज दुसरीकडे तयार होत होता. म्हणून यादीत हेही विचारा: ‘याच विषयावर तुमचा प्रस्ताव सादर झालेला आहे किंवा व्हायचा आहे का?’ शेरा सविस्तर नसेल तर गुण धरायचे नाहीत, असं पत्रातच लिहा. प्रस्ताव कोणाला दाखवू नये, विद्यार्थ्याकडून तपासून घेऊ नये, चॅटजीपीटीसारख्या साधनात टाकू नये, हेही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ साली परीक्षकांना अशा साधनांची मनाई केली, आणि ते योग्यच केलं.

बैठक ऑनलाइन असेल तर माणसाला वेटिंग रूममध्ये पाठवून काम संपत नाही. गुणांची शीट सगळ्यांना खुली असते. आमच्याकडे एकदा बाहेर ठेवलेल्या सदस्याला त्याच शीटमध्ये आपल्या विद्यार्थ्याला कोणी किती गुण दिले ते नावांसकट दिसत होतं, आणि हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा फाइल, शीट, ई-मेल, सगळीकडून त्या प्रस्तावापुरतं त्यांचं नाव काढा.

आणि ज्येष्ठ सरांशी बोलणं. भर बैठकीत बोलू नका. त्यांना चारचौघांत उठायला सांगणं हा त्यांचा अपमान होतो, आणि ते उठले नाहीत तर तुम्ही अडकता. आधी अध्यक्षांना भेटून ठरवा की यादी आल्यावर ते सगळ्यात आधी स्वतःचे संबंध जाहीर करतील. अध्यक्षांनी ‘क्रमांक ६ माझ्या संस्थेचा आहे, मी बाहेर जाणार’ असं लिहून दिलं की बाकीच्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. मग सरांना फोन करा. मी साधारण असं म्हणत असे: ‘सर, क्रमांक ९ तुमच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याला अनुदान मिळालं तर ते त्याच्या कामावर मिळालं, असं उद्या कोणालाही छातीठोकपणे सांगता यावं. म्हणून त्या प्रस्तावाला आणि शेवटच्या क्रमवारीला तुम्ही नसावं असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. बाकीच्या प्रस्तावांना मात्र तुम्ही हवेच आहात.’ माझ्या अनुभवात यावर रागावलेला माणूस क्वचितच भेटला. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण विद्यार्थ्याचा फोन त्यांनाही आलेला असतो.

तुमची बैठक या महिन्यातच ठरली असेल तर ती पुढे ढकला. यादी फिरवून परत यायला दोन आठवडे, राखीव परीक्षक मिळायला आणखी एक. सरांना फोन मात्र उद्याच करा, संध्याकाळी, ते घरी असताना.